दार बंद होते

“आज कुठलं दार?” पेटी उचलत किल्लीमास्तरांनी विचारलं.

“हेच,” नाना बेलिफ म्हणाले.

मास्तर हसले. अकरा वर्षांत नानांनी केलेला हा पहिलाच विनोद होता आणि पहिल्या विनोदाला हसायचं असतं, एवढी माणुसकी मास्तरांकडे होती. पण नाना हसले नाहीत. ते दुकानाच्या पायरीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे राहिले. त्यांच्या मागे एक बाई होत्या. काखेत फाइल, कानामागे पेन, आणि चाल अशी की पाऊल वाजायचं नाही.

“ह्या नव्या बेलिफ मॅडम. चार महिन्यांनी माझ्या जागी येणार,” नाना म्हणाले. मग घसा खाकरला. “मास्तर, तुमच्या नावाचं वॉरंट आहे.”

वॉरंटपेक्षा मास्तरांना ‘तुमच्या’ जास्त लागलं. अकरा वर्षं हा माणूस ‘ए मास्तर, चल ऊठ’ म्हणत आला होता. जप्ती वस्तूंची करतात असं ऐकलं होतं. ही सुरुवात अरे-तुरेपासूनच झाली.

नाना आणि मास्तर यांचं नातं लोकांना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ते टिकलं होतं. कोर्ट हुकूम करतं आणि बेलिफ जाऊन माल उचलतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ज्याच्याकडे माल आहे तो दार बंद करून बसला, तर बेलिफही दाराबाहेरचा एक माणूसच. रीतसर जायचं तर कुलूप उघडायला वेगळा हुकूम हवा, पोलीस हवा, किल्लीवाल्याचं बिल चार टेबलांवरून फिरायला हवं. यात दोन महिने सहज जातात, आणि तेवढ्यात घरातलं कपाट मेव्हण्याकडे आणि फ्रिज मावशीकडे पाहुणा जातो. नानांनी त्यावर तोडगा काढला. मास्तर यायचे, कुलपाला कान लावायचे, दोन तारांनी पाच मिनिटं त्याची समजूत घालायचे आणि कोपऱ्यावर जाऊन पान खाणाऱ्यासारखे उभे राहायचे. मग नाना बोटानं दार ढकलायचे आणि अहवालात लिहायचे: ‘दार उघडे आढळले.’ मजुरी नानांच्या खिशातून. कधी रोख, कधी उधार, कधी नुसता चहा. अकरा वर्षांत नानांच्या हद्दीत एकही दार बंद आढळलेलं नव्हतं. इतके भोळे लोक एका ठिकाणी राहतात, याचं वरच्या कुठल्याही साहेबाला कधी आश्चर्य वाटलं नाही.

ज्याच्यावर जप्ती त्याच्या तोंडावर वॉरंट वाचायचं, असा नियम. नाना वाचू लागले. साक्षीचं समन्स मिळूनही गैरहजर. त्याबद्दल दंड. कारणे दाखवा नोटिशीला उत्तर नाही. दंड भरलेला नाही. सबब घरातली जंगम मालमत्ता जप्त करावी. इथवर गाडी सुरळीत आली आणि तारखेपाशी थांबली. नानांनी चष्मा काढला, पुसला, घातला. तारीख तीच निघाली.

कोर्टाला सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवसाची ती तारीख.

त्या दिवशी एका घरफोडीच्या खटल्यात मास्तरांची साक्ष होती. कुलूप फोडलंय की बनावट किल्लीनं उघडलंय, एवढंच सांगायचं. मास्तर धुतलेला सदरा घालून साडेदहालाच कोर्टाच्या पायऱ्यांवर हजर होते. तिथेच नानांनी त्यांना गाठलं. “अर्ध्या तासाचं काम आहे. दाताचा दवाखाना. सुट्टीच्या आत जप्ती झाली नाही तर डॉक्टर खुर्चीसकट पसार होईल. चल.” मास्तर म्हणाले, “अहो, मला साक्ष आहे.” नाना म्हणाले, “साक्ष कधी वेळेवर सुरू झालीय का?” नानांचं हे म्हणणं एरवी शंभरातल्या नव्याण्णव दिवशी खरं ठरलं असतं. पण दाताच्या डॉक्टरानं कुलूपही दाढेसारखं बसवलं होतं. तीन तास लागले. मास्तर धावत परत आले तेव्हा शिपायानं त्यांचं नाव तीनदा पुकारून झालं होतं आणि दंड लिहून शाईही वाळली होती.

नाना तो दिवस विसरले नव्हते. ‘तीन तासांचं कुलूप’ म्हणून कॅन्टीनमध्ये त्यांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती, फक्त मास्तरांना वगळून. साक्षीचं पुढे काय झालं, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

“मास्तर,” नाना हळूच म्हणाले, “नोटिशीला उत्तर का दिलं नाहीत?”

“कारणाच्या रकान्यात जागा कमी होती.”

“किती ओळी लागणार होत्या?” मॅडमनी विचारलं. त्यांचं लक्ष फाइलीत आहे असं वाटत होतं, पण नव्हतं.

“एकच. पण माझं अक्षर मोठं आहे.”

एक ओळ लिहिली असती तर दंड तिथल्या तिथे माफ झाला असता, हे मास्तरांना ठाऊक होतं: ‘त्या वेळी मी नाना बेलिफांबरोबर कोर्टाच्याच कामात होतो.’ आणि ती ओळ लिहिली की पुढचा प्रश्न येणार होता: दार तर उघडं आढळलं होतं, मग किल्लीवाला कशाला? एका दारामागून अकरा वर्षांची दारं निघाली असती, आणि नानांची पेन्शन त्यातल्या पहिल्याच दारातून बाहेर गेली असती. म्हणून मास्तरांनी तीनदा पेन उचललं आणि तीनदा ठेवलं. नानांना यातलं काही कळवलं नाही. उपकार सांगून केला की त्याचं बिल होतं, आणि बिलांच्या बाबतीत नानांची कीर्ती फार चांगली नव्हती.

आतून मास्तरीणबाई आल्या. दुकानाच्या मागेच दोन खोल्यांचं घर होतं आणि मधल्या दाराशी उभं राहून दुकानातलं सगळं ऐकण्याचा त्यांचा तीस वर्षांचा सराव होता.

“आठ दिवसांत ह्यांचा परवाना संपतो,” त्या नानांना म्हणाल्या. “अर्जात सातवा रकाना आहे. ‘कोर्टाचा दंड थकीत आहे काय?’ हो लिहिलं तर परवाना नाही. नाही लिहिलं तर खोटं. परवाना नसलेला किल्लीवाला म्हणजे काय, माहितीय ना भावजी? चोर. फक्त दिवसा काम करणारा.”

“मग वहिनी, भरून का नाही टाकला? रक्कम तर चार कुलपांएवढी.”

“मी काय कमी डोकं आपटलं? म्हणे, पावतीवर ‘गैरहजेरी मान्य’ अशी सही मागतात. म्हणे, मी गैरहजर नव्हतो. मग कुठे होतात ते तरी सांगा म्हटलं कोर्टाला! तर तोंडाला कुलूप. त्या दिवशी हे कुठे होते ते भावजी, तुम्हीच—”

“पाणी आण,” मास्तर म्हणाले.

“कोणाला?”

“सगळ्यांना.”

नानांचा हात पाकिटाकडे गेला होता. “मी भरतो,” ते पुटपुटले.

“नाना, ज्याच्यावर जप्ती त्याचा दंड बेलिफानं भरायचा नसतो,” मॅडम म्हणाल्या.

“असं कुठे लिहिलंय?”

“लिहिलेलं नाही. काल तुम्हीच शिकवलंत.”

नानांनी पाकीट खिशात ठेवलं. आपलीच शिकवण अंगावर आलेला माणूस कसा दिसतो, ते मास्तरांनी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

“नियमानं होऊ द्या,” मास्तर म्हणाले. “सही करून मी दंड भरणार नाही. तुम्हाला घरातून काय न्यायचं ते न्या. वसूल झाला की थकीत नाही. सातवा रकाना साफ. बोलवा पंच.”

पंच म्हणून शेजारचा झेरॉक्सवाला आला आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर आले. “मास्तर, माझं दुकान उघडंच आहे हं,” झेरॉक्सवाला म्हणाला. “उगाच तारा घालू नका.” कोणी हसलं नाही म्हणून तो एकटाच हसला.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. पाण्याला गेलेल्या मास्तरीणबाईंनी घराचं दार आतून लोटून घेतलं होतं. लॅच बसल्याचा खटका सगळ्यांनी ऐकला.

“आता करा जप्ती!” आतून आवाज आला. “बंद दारातून कोर्टाला येता येत नाही. अकरा वर्षं ऐकतेय मी!”

कायदा बरोबर होता. मॅडमनी मान डोलावली आणि फाइल मिटायला घेतली. “वेगळा हुकूम काढावा लागेल. दोन महिने तरी जातील.”

“आणि परवाना आठ दिवसांत संपणार,” मास्तर म्हणाले. “चावी आहे, पण ती आत खिळ्याला लटकतेय.”

“मग जवळपास कोणी किल्लीवाला—” मॅडम बोलता बोलता थांबल्या. झेरॉक्सवाल्यानं तोंडावर हात धरला. कंपाउंडरांनी छताकडे पाहिलं.

मास्तरांनी शांतपणे पेटी उघडली. “घर माझं आहे. माझी संमती लिहून घ्या. म्हणजे हुकूम लागणार नाही. मजुरी नेहमीची. पावती पाहिजे.”

“देईन,” मॅडम म्हणाल्या.

“नानांकडून मला कधी पावती मिळाली नाही,” असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि दारापुढे गुडघा टेकला. हे कुलूप त्यांनी स्वतः निवडून बसवलं होतं. चोराला वीस मिनिटं अडवेल असं. मास्तरांना शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला.

दार उघडलं तेव्हा मास्तरीणबाई समोरच उभ्या होत्या, हातात पाण्याचा ट्रे घेऊन. “अहो, तुम्हीच?” एवढंच म्हणाल्या.

“कामावर आहे,” मास्तर म्हणाले. “बाजूला हो.”

मॅडम उंबऱ्याशी उभ्या राहून लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या, तशी त्यांची सवय असावी: “दार बंद होते. मालकाच्या संमतीने किल्लीवाल्याकडून उघडून घेतले. मजुरी दिली.” नाना त्या कागदाकडे बघत राहिले. एवढं सोपं वाक्य. आपण ते कधीच का लिहिलं नाही, याचा ते मनात हिशेब मांडत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते.

घरात नेण्यासारखं फारसं नव्हतं. पलंग, भांडी, शिलाई मशीन. पेटीतल्या तारा, कानसी, दुकानातलं किल्ल्या कापायचं यंत्र ही सगळी धंद्याची साधनं. त्यांना कोर्टालाही हात लावता येत नाही. मॅडमची नजर शिलाई मशीनवर थांबली तसे मास्तर म्हणाले, “ते तिचं. ही घ्या.” आणि त्यांनी कोपऱ्यातल्या लोखंडी तिजोरीवरचा टेबलक्लॉथ ओढला.

ती मास्तरांच्या उस्तादांची तिजोरी होती. आकडा माहीत नसताना, नुसत्या कानानं ती उघडायला मास्तरांना विसाव्या वर्षी सतरा दिवस लागले होते. अठराव्या दिवशी उस्ताद म्हणाले, आता ही तुझी, आणि माझ्याकडे शिकवायला काही उरलं नाही. भंगारात घातली तरी दंडाच्या वर चार पैसे येतील इतकं तिचं वजन होतं.

“अहो, ही?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मशीन जाऊ दे मग. मी दुसरं—”

“मशीन रोज चालतं. ही नुसती बसून असते.”

“आत काय आहे ते नोंदवावं लागेल,” मॅडम म्हणाल्या.

मास्तरांनी आकडा फिरवला. डोळे मिटलेले होते. गरज नव्हती, पण शेवटचंच होतं. दार उघडलं. आत दोन-तीन जुन्या किल्ल्या, लग्नातली एक अंगठी आणि एक जाड वही. अंगठी मॅडमनी पाहिली न पाहिल्यासारखी करून मास्तरीणबाईंच्या हातात ठेवली. मास्तर वहीकडे हात नेणार, तोच मास्तरीणबाईंनी ती उचलली, पदरानं पुसली आणि सरळ मॅडमपुढे धरली.

“बघा ना मॅडम. परवान्याची वही. उघडलेलं प्रत्येक कुलूप तारीखवार लिहावं लागतं ह्यांना. दरवर्षी तिथला कारकून शेवटचं पान बघून शिक्का मारतो, मधलं कोणी वाचतच नाही बिचारं. तुम्ही वाचा. नीट वाचा.”

अहवालात काय लिहायचं ते नानांनी नानांचं बघितलं होतं; पण स्वतःच्या वहीत खोटं लिहिणं मास्तरांना जमलेलं नव्हतं. अकरा वर्षांतलं एकेक दार तिथे होतं. दिवस, वेळ, कुलूप, आणि पुढे ‘कोर्टाचे काम. नाना सोबत.’

मॅडमनी पानं उलटली. कुठलं पान शोधायचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. वॉरंटवरची तारीख समोर होतीच. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मग त्यांनी मागची काही पानं चाळली. मग त्याच्याही मागची. नाना भिंतीला टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी होतं. रोज दुखणारा दात शेवटी डॉक्टरनं पकडला की माणूस असा दिसतो.

“मास्तर,” मॅडम म्हणाल्या, “ही वही जप्तीच्या यादीत धरली तर ती आज संध्याकाळी साहेबांच्या टेबलावर जाईल. साहेब सगळं वाचतात. तुमचा दंड बहुतेक रद्द होईल. तिजोरीही परत मिळेल. पण ही धंद्याचं साधन असेल, तर मला नेता येत नाही. तसं तुम्ही सांगायला पाहिजे. मी सांगू शकत नाही.”

मास्तरीणबाई नवऱ्याकडे बघत होत्या. तीस वर्षांत त्यांनी इतक्या काकुळतीनं काही मागितलं नव्हतं, आणि आताही तोंडानं मागत नव्हत्या.

मास्तरांनी नानांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो उपकार झाला असता.

“वहीशिवाय मला कुलूप उघडता येत नाही,” ते म्हणाले. “साधनच आहे.”

मॅडमनी वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि यादीत लिहिलं: लोखंडी तिजोरी एक, चालू स्थितीत. पंचांनी सह्या केल्या. झेरॉक्सवाल्याला या वेळी काही विनोद सुचला नाही.

तिजोरी उचलायला चार हमाल लागले आणि त्यांनी दोन दगडी फरश्यांना तडे पाडले. मास्तर हातगाडीपर्यंत गेले. “आडवी नका घालू. आतला चाप निसटेल,” त्यांनी सांगितलं, आणि हमालांनी न ऐकता आडवी घातली, तेव्हा मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.

“गुरुवारी लिलाव. शुक्रवारी ‘थकबाकी नाही’ची पावती मी स्वतः आणून देते,” मॅडम म्हणाल्या. मग नानांकडे वळून, अगदी साध्या आवाजात: “नाना, चार्ज घेतल्यावर मी बंद दार बंदच लिहिणार. मास्तरांचं बिल चार टेबलांवरून फिरवू आपण. फिरू दे.” आणि त्या हातगाडीच्या मागून, पाऊल न वाजवता निघून गेल्या.

नाना गेले नाहीत. दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मास्तरीणबाईंनी चहा आणून आदळला, म्हणजे ठेवला. नानांनी तो निमूटपणे प्यायला.

“वही दे,” नाना म्हणाले.

‘दे’ ऐकून मास्तरांना बरं वाटलं. “कशाला?”

“दे म्हटलं ना.”

नानांनी दवाखान्याचं पान काढलं. बराच वेळ ते एकाच ओळीकडे बघत होते. “नुसतं ‘नाना सोबत’ लिहिलंयस. पूर्ण नाव लिहायला काय झालं होतं?”

“मला कुठे माहितीय तुमचं पूर्ण नाव?”

नानांनी मास्तरांकडे पाहिलं, मग मास्तरीणबाईंकडे. अकरा वर्षांत खरंच कधी वेळ आली नव्हती. मग त्यांनी कोर्टाचं पेन काढलं आणि त्या ओळीपुढे, समासात, आपलं नाव लिहिलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. खाली हुद्दा. खाली सही. आजची तारीख.

“नाना, चार महिने राहिलेत,” मास्तर म्हणाले. “अहो, पेन्शन आहे.”

“ते गणित माझं आहे. ही दाखव, नाही तर नको दाखवूस, ते तुझं.” नानांनी वही मागे चाळली, पहिलं पान काढलं, अकरा वर्षांपूर्वीचं, आणि चष्मा नाकावर सरकवला. “दारं किती आहेत एकूण?”

“दोनशेच्या आसपास.”

“वहिनी, अजून एक कप टाका. वेळ लागणार आहे.”

मास्तरीणबाई आत गेल्या. या वेळी स्टोव्ह हलक्या हातानं पेटवला.

पंख्यानं पानं उडत होती. मास्तरांनी पुढे होऊन कोपऱ्यावर अंगठा ठेवला. कुलपावर ठेवायचे तसा, जोर न लावता. नाना लिहीत गेले. पहिलं दार, दुसरं, तिसरं. पायरीवर एक गिऱ्हाईक धापा टाकत येऊन उभं राहिलं. घराला आपोआप कुलूप लागलंय, गॅसवर दूध आहे, लवकर चला.

“दूध कधी ठेवलंत?” मास्तरांनी विचारलं.

“आत्ताच.”

“मग आणखी दोन दारं होऊ देत,” मास्तर अंगठा न उचलता म्हणाले. “कोर्टाचं काम चाललंय.”

नानांनी पान उलटलं.